नॉट फॉर सेल: पुण्यात राहून ॲनिमेची प्रमोशनल स्टेशनरी कशी जमवायची

माझ्या संग्रहातली पहिली क्लिअर फाइल कुणी विकत घेतलेली नाही. मावसभाऊ कंपनीच्या कामासाठी टोकियोला गेला होता. तिथल्या लॉसन नावाच्या साखळी दुकानात त्यानं स्कीममधल्या खाऊची तीन पाकिटं घेतली आणि त्याबरोबर ती फाइल हातात पडली. खाऊ तिथंच संपला, फाइल मात्र बॅगेच्या तळाशी कपड्यांखाली सपाट राहून पुण्याला आली. दोन बाजूंनी बंद, दोन बाजूंनी उघडी, वर दात काढून हसणारा लुफी, म्हणजे ‘वन पीस’ या ॲनिमेचा, जपानी कार्टून मालिकेचा, नायक. अप्पा बळवंत चौकात साधं एल फोल्डर दहा-पंधरा रुपयांना मिळतं, दिसायला तसंच. पण ही फाइल कुठल्याही दुकानात पैसे टाकून मिळत नव्हती. ठरावीक दिवस, ठरावीक दुकानं, ठरावीक खाऊ, आणि साठा संपला की संपलं.

या छंदाची सगळी गोडी त्या अटींमध्ये आहे, आणि सगळी अडचणही. वस्तू विकायला केलेलीच नसते, त्यामुळे तिच्यावर किंमत छापलेली नसते. ती कुठून आली हे सांगणारं कुणी उरलं नाही, तर ती चित्र छापलेलं प्लास्टिक होऊन बसते. म्हणून पुढे मी वस्तू मिळवण्याइतकंच ती ओळखण्यावर, सांभाळण्यावर आणि तिची नोंद ठेवण्यावर लिहिलं आहे. नवीन माणसं नेमकी तिथंच घाई करतात आणि दोन पावसाळ्यांनंतर हळहळतात. मीही हळहळले आहे.

आधी ओळख करून घ्या

आपल्याला ही गोष्ट नवी नाही. चिप्सच्या पाकिटात पोकेमॉनचे टॅझो निघायचे, ते ज्यांनी जमवले त्यांना वेगळं समजावून सांगायला नको. जूनमध्ये वह्यांच्या गठ्ठ्यासोबत येणारं वेळापत्रक, नावाची लेबलं, हाही त्यातलाच प्रकार. जपानमध्ये मात्र या फुकट वस्तूंना स्वतःची शिस्त आणि स्वतःचे शब्द आहेत. ते शब्द कळले की निम्मं काम झालं.

पहिला शब्द तोकुतेन, म्हणजे कशासोबत तरी मिळणारी जादाची भेट. सिनेमाचं तिकीट काढलं की दारात जी वस्तू मिळते ती तोकुतेन. बरेचदा ती दर आठवड्याला बदलते, म्हणून तिथले चाहते एकच सिनेमा तीन-चार वेळा पाहतात. २०२० साली ‘डिमन स्लेयर’चा मुगेन ट्रेन सिनेमा आला तेव्हा पहिल्या ४५ लाख प्रेक्षकांना त्यातल्या रेंगोकू या पात्रावरची एक छोटी पुस्तिका दिली होती. हा आकडा लक्षात ठेवा. फुकट म्हणजे दुर्मीळ असं दरवेळी नसतं, आणि ४५ लाख प्रती निघालेल्या वस्तूला कुणी ‘अत्यंत दुर्मीळ’ म्हणून विकत असेल तर हसून पुढे जा. सिनेमा लागण्याआधी आगाऊ तिकीट घेणाऱ्यांना वेगळी भेट असते. त्या तिकिटाला माएउरिकेन म्हणतात आणि त्यासोबत फार वेळा क्लिअर फाइलच येते.

दुसरा शब्द फुरोकू, मासिकासोबत येणारी पुरवणी. ‘नाकायोशी’ आणि ‘रिबोन’ ही मुलींची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांची, मासिकं १९५०च्या दशकापासून निघतात, ‘चिआओ’ १९७७ पासून. त्यांच्यासोबत लेटरपॅड, पाकिटं, स्टिकर, वह्या, पेन्सिल ठेवायचे डबे असं काय काय येत आलं आहे. यातली एक गोष्ट मला फार आवडते. मासिकं पूर्वी रेल्वेनं स्वस्त दरात जायची आणि त्या सवलतीच्या अटींमुळे पुरवण्या बहुतांश कागदाच्याच असाव्या लागायच्या. २००१ साली हे निकष सैल झाले आणि मग प्लास्टिक, कापड, पत्रा सगळं यायला लागलं. त्यामुळे जुनी फुरोकू हातात आली तर ती घडी घालून स्वतः जोडायची पुठ्ठ्याची पेटी नाहीतर लेटरपॅड असण्याची शक्यता जास्त. आणि न जोडलेली, सपाट, सूचनापत्रकासकट मिळाली तर देवाचे आभार माना.

तिसरी वाट दुकानातल्या स्कीमची. लॉसन, फॅमिलीमार्ट अशा दुकानांत ‘यातले दोन-तीन पदार्थ घ्या, एक फाइल निवडा’ असं चालतं. माझी पहिली फाइल तिथलीच. चौथी वाट इचिबान कुजी नावाची लॉटरी. पैसे देऊन चिठ्ठी ओढायची, मोठ्या बक्षिसात पुतळा, खालच्या बक्षिसांत फाइल आणि स्टिकरचे संच. चिठ्ठीला पैसे पडतात, म्हणून मी तिला प्रमोशनल धरत नाही. बरेच संग्राहक धरतात. तुम्ही तुमचा नियम ठरवा, पण एकदा ठरवलात की पाळा.

आता तिसरा शब्द, आणि हा अक्षरांच्या आकारावरून लक्षात ठेवा: हिबाइहिन, म्हणजे विक्रीसाठी नाही. वस्तूच्या मागे खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तीन चिन्हं असतात. पहिलं चिन्ह पाठीला पाठ लावून उभ्या केलेल्या दोन फण्यांसारखं, शेवटचं तीन चौकोनी खोक्यांचं, एक वर आणि दोन खाली. मधलं चिन्ह लक्षात राहिलं नाही तरी चालेल. जपानी अजिबात येत नसताना मी या दोन आकारांवरून वस्तू ओळखायला शिकले.

मापं पाठ करा

कंटाळवाणं वाटेल, पण माप चुकलं की साठवणुकीची फाइल चुकते, आणि वस्तूचा कोपरा दुमडतो तो कायमचा.

ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. तो आत मावावा म्हणून जपानी क्लिअर फाइल साधारण २२० बाय ३१० ची असते. म्हणजे आपल्याकडच्या ए-फोर डिस्प्ले फाइलच्या कप्प्यात ती जात नाही, कोंबली तर वरची कड बाहेर राहते. दुकानात ‘एफसी साइज’, म्हणजे फुलस्केप मापाची डिस्प्ले फाइल मागा. फुलस्केप कागद आपल्या सरकारी कामकाजात वर्षानुवर्षं चालला, म्हणून ते माप आपल्या बाजारात सहज मिळतं. तरीही एक फाइल सोबत नेऊन कप्प्यात घालून बघा.

शिताजिकी म्हणजे वहीच्या पानाखाली सरकवायचा कडक प्लास्टिकचा पातळ तक्ता. लिहिताना खालच्या पानावर वळ उठू नयेत म्हणून जपानी मुलं तो वापरतात. तो बहुधा जपानी बी-फाइव्ह मापाचा, १८२ बाय २५७, आणि आपल्या ए-फोर कप्प्यात आरामात बसतो. जपानी पोस्टकार्ड १०० बाय १४८, म्हणजे आपल्या चार बाय सहा इंचांच्या फोटो अल्बममध्ये नेमकं जातं. ‘एल’ आकाराचे फोटो-कार्ड ८९ बाय १२७, ते साडेतीन बाय पाचच्या जुन्या अल्बममध्ये. शिकिशी, म्हणजे सही किंवा चित्रासाठीचा सोनेरी कडेचा जाड पुठ्ठा, पूर्ण मापाचा असेल तर २४२ बाय २७३. त्याला मात्र वेगळी पेटीच लागते. भेटीत मिळतात त्या बहुधा छोट्या शिकिशी.

एकच धागा धरा

पहिल्या वर्षी मी दिसेल ते घेतलं. डोरेमॉनची पेन्सिल, सेलर मूनचं लेटरपॅड, कुठल्याशा गेमचा स्टिकर, एका जपानी बँकेची पट्टी. वर्ष संपताना माझ्याकडे एक भरलेलं खोकं होतं आणि संग्रह म्हणावं असं त्यात काही नव्हतं.

म्हणून सुरुवात करणाऱ्यानं एक धागा धरावा. एकच मालिका, किंवा एकच प्रकारची वस्तू, किंवा एकच वाट. ‘फक्त सिनेमांच्या क्लिअर फायली’ हा चांगला धागा आहे. ‘फक्त शिताजिकी’ त्याहून चांगला, कारण नवख्या लोकांचं तिकडे लक्ष कमी असतं. ‘फक्त नारुतो’ हा धागा नको, त्याला अंत नाही. ‘नारुतोच्या मासिकांसोबत आलेल्या वस्तू’ म्हणा, मग जमेल. माझा स्वतःचा धागा खाण्यापिण्याच्या स्कीममधल्या फायलींचा आहे, कारण त्यांवर पात्रांच्या हातात चॉकलेट, नूडल्स, चहाची बाटली असं काहीतरी असतं आणि ते चित्र दुसरीकडे कुठेच छापलं जात नाही.

महिन्याची रक्कमही आत्ताच ठरवा. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. हजार रुपयांतही हे नीट चालतं.

पुण्यात कुठे हात घालायचा

पुण्यात या छंदाला अनुकूल अशी एक गोष्ट आहे जी भारतातल्या थोड्याच शहरांत असेल: इथे जपानी शिकणारी आणि कामानिमित्त जपानला जाऊन येणारी माणसं खूप आहेत. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकवतात, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात शिकवतात, शिवाय खासगी वर्ग आहेतच. जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जपानी भाषेची जेएलपीटी परीक्षा होते, तिचं पुण्यात केंद्र आहे. वर्गातल्या मैत्रिणी, त्यांचे भाऊ, चाकण-रांजणगावच्या जपानी कंपन्यांत काम करणारे शेजारी, हा तुमचा पहिला बाजार. माझ्या संग्रहातल्या निम्म्याहून जास्त वस्तू अशाच आल्या.

मागण्याची पद्धत मात्र नीट असू द्या. जाणाऱ्या माणसाला ‘ॲनिमेचं काहीतरी आण’ म्हणू नका. त्याला दोनच ओळी पाठवा: कुठल्या दुकानात, काय घेतल्यावर काय मिळतं, आणि त्याचा फोटो. वजनाचा हिशेबही सांगा. एक क्लिअर फाइल सुमारे २५ ग्रॅम भरते, म्हणजे चाळीस फायलींचा एक किलो. हा आकडा ऐकला की माणूस निर्धास्त होतो. आणि खाऊचे पैसे आधी द्या. ‘काका, माझ्यासाठी ती चॉकलेटं तुम्हीच खा, फाइल तेवढी मला आणा,’ असं मी शेजारच्या काकांना सांगितलं होतं. काकांनी चॉकलेटंही आणली.

अप्पा बळवंत चौकात जपानी प्रमोशनल माल मिळत नाही, पण आपल्याकडचा मिळतो, आणि तोही जमवण्यासारखा आहे. शाळा सुरू होण्याच्या आसपास, गर्दी ओसरल्यावर दुपारी जा आणि दुकानदाराला विचारा, ‘कंपनीनं स्कीममध्ये काही दिलंय का?’ स्कीम हा त्यांचा शब्द आहे, तोच वापरा. पेन-पेन्सिलींच्या खोक्यांबरोबर कार्टूनची लेबलं, पट्ट्या, टांगायचे पुठ्ठे येतात आणि बरेचदा तसेच माळ्यावर पडून राहतात. ओळखीच्या गिऱ्हाइकाला दुकानदार ते देऊन टाकतात. मात्र आधी दोन वह्या घ्या, मग विचारा.

इथे एक आपली गोष्ट सांगायचा मोह होतो. दांडेकरांची कॅम्लिन १९३१ पासूनची, आपल्या पिढ्यांच्या कंपास पेट्या त्यांच्या. २०११ साली त्यात जपानच्या कोकुयोनं मोठा हिस्सा घेतला. म्हणजे १९७५ पासून जपानी मुलं ज्या ‘कॅम्पस’ वह्यांत लिहीत आली, त्यांचं आणि आपल्या उंटाच्या छापाचं आता एकच घर आहे. जपानी स्टेशनरीकडे परकी म्हणून बघायचं कारण उरत नाही.

थिएटरवर लक्ष ठेवा. २०१९ साली चाहत्यांनी सह्या गोळा केल्या आणि दिग्दर्शक माकोतो शिंकाईंचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतात लागला, तेव्हापासून जपानी सिनेमे इथल्या मोठ्या पडद्यावर नियमित यायला लागले. ‘सुझुमे’ २०२३ मध्ये आला. पहिल्या दिवशी कधी छोटं पोस्टर, कधी कार्ड वाटतात, कधी काहीच नाही. पहिल्या दिवशी जा, आणि तिकीट जपून ठेवा. त्या कार्डासोबत तिकीट असणं म्हणजे वस्तूचा जन्मदाखला असणं.

फर्ग्युसन रस्त्यावर, जंगली महाराज रस्त्यावर, कॉलेजच्या मेळ्यांत आणि कॉमिक कॉनमध्ये स्टिकर, बुकमार्क, बॅज भरपूर दिसतात. त्यातला मोठा भाग चाहत्यांनी स्वतः काढलेल्या चित्रांचा असतो. आवडलं तर जरूर घ्या, त्या मुलामुलींची मेहनत असते. फक्त ते वेगळ्या खोक्यात ठेवा, या संग्रहात मिसळू नका.

जपानहून मागवायचं असेल तर

जपानमधल्या जुन्या मालाच्या दुकानांत प्रमोशनल वस्तूंचा वेगळा विभागच असतो. १९८० साली टोकियोच्या नाकानो भागात सुरू झालेलं मांदाराके सर्वांत प्रसिद्ध, सुरुगाया दुसरं. शिवाय तिथली माणसं आपापसात मेरकारी आणि याहू ऑक्शन या साइट्सवर विकतात. भारतातून थेट घेता आलं नाही तर मध्यस्थ सेवा आहेत. त्या तिथल्या पत्त्यावर माल घेतात, एकत्र बांधतात आणि आपल्याला पाठवतात. शोधताना मालिकेचं जपानी नाव आणि त्यापुढे ‘हिबाइहिन’ जपानी अक्षरांत टाका. इंग्रजीत शोधलं तर दहापट महाग माल समोर येतो.

एक-दोन फायली कधीच मागवू नका, पाठवणीचा खर्च वस्तूच्या कितीतरी पट होतो. दहा-पंधरा जमू द्या. दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट बांधायला सांगा. नळी करून पाठवलेली फाइल पुन्हा कधी सरळ होत नाही. कस्टम ड्युटी वस्तूची किंमत आणि पाठवणीचा खर्च दोन्ही धरून लागते, ती आधीच बजेटमध्ये धरा. पार्सलवर कमी किंमत लिहायला कुणाला सांगू नका. ते बेकायदेशीर आहे, आणि पार्सल हरवलं तर भरपाईही तेवढ्याच रकमेची.

खरं की छापलेलं

दोन वर्षांपूर्वी एका मेळ्यात मी ‘जपानी लिमिटेड’ म्हणून एक फाइल सहाशे रुपयांना घेतली. घरी आल्यावर ट्यूबलाइटसमोर धरली आणि ‘वन पीस’मधल्या झोरोच्या चेहऱ्यातून माझी बोटं दिसायला लागली. चांगल्या क्लिअर फायलीत रंगाच्या मागे पांढऱ्या शाईचा एक थर देतात, म्हणून चित्र भरीव दिसतं. माझ्या फायलीत तो थर नव्हता. कुणीतरी नेटवरचं चित्र साध्या फोल्डरवर छापलं होतं. काही खऱ्या फायलींत मुद्दाम काचेसारखी पारदर्शक जागा ठेवतात, पण ती पार्श्वभूमीत, पात्राच्या चेहऱ्यात सहसा नाही.

यानंतर मी घेण्याआधी भिंग काढून खालची कॉपीराइटची ओळ वाचते. वर्तुळातल्या ‘सी’नंतर मालकांची नावं असतात. डोरेमॉनच्या वस्तूंवर फुजिको प्रो, शोगाकुकान, टीव्ही आसाही, शिन-एई आणि एडीके अशी नावांची रांगच दिसते. सिनेमांवर बहुधा सिनेमाचं नाव आणि पुढे ‘सेइसाकु इइनकाइ’, म्हणजे निर्मिती समिती. नकली मालात ही ओळ एकतर नसते, नाहीतर अक्षरं चिखलात बुडाल्यासारखी फुगलेली असतात. अस्सल छपाईत ती अर्ध्या मिलिमीटरच्या रेषांतही सुटी राहतात.

त्या ओळीतल्या सालावर मात्र भिस्त ठेवू नका. ते साल कलाकृतीचं असतं. ‘युअर नेम’ २०१६ चा, म्हणून त्याच्या वस्तूंवर २०१६ छापलं जातं, मग ती वस्तू नंतरच्या एखाद्या स्कीममध्ये का वाटलेली असेना. वस्तू कधीची हे शोधायचं तर पात्रांशेजारी कुठल्या कंपनीचं बोधचिन्ह आहे ते बघा आणि ती स्कीम कधी होती ते शोधा.

बारकोडही उपयोगी पडतो. जपानमध्ये विकायच्या मालावर ४५ किंवा ४९ ने सुरू होणारा बारकोड असतो, आपल्याकडे ८९०. फुकट वाटलेल्या वस्तूवर बहुधा बारकोड नसतोच. असला तर ती दुकानात विकलेली वस्तू असण्याची शक्यता दाट. वाईट काही नाही, फक्त तुमच्या धाग्यात ती बसते का ते तुम्ही बघा.

पावसाळा, ऊन आणि खोडरबर

लहानपणी कंपास पेटीत खोडरबर आणि प्लास्टिकची पट्टी शेजारी राहिली की काय व्हायचं ते आठवा. खोडरबर पट्टीला चिकटायचा आणि ओढून काढला की पट्टीवर त्याच्या आकाराचा खड्डा. बहुतेक प्लास्टिक खोडरबर पीव्हीसीचे असतात. त्यांना मऊ ठेवणारं तेलकट रसायन हळूहळू बाहेर झिरपतं आणि शेजारच्या प्लास्टिकला विरघळवतं. खोडरबराला कागदी बाही असते ती यासाठी. माझ्या एका शिताजिकीवर सेलर मूनच्या बुटांपाशी असा एक खड्डा आहे. मी दोन्ही वस्तू एकाच डब्यात ठेवल्या होत्या, आठ महिने.

हाच त्रास पीव्हीसीच्या अल्बमांचा. स्वस्त, मऊ, उघडताच वास मारणारे कप्पे पीव्हीसीचे असतात आणि वर्षभरात छपाई त्यांना चिकटते. दुकानात ‘पीपी’चे कप्पे मागा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचे. ते किंचित कडक, वास नसलेले, हलवले की करकरीत आवाज करणारे असतात. क्लिअर फाइल स्वतः त्याच प्लास्टिकची असते.

जपानहून येणारी वस्तू चिकट झडपेच्या पातळ पारदर्शक पिशवीत असते. ती पिशवी बहुतेक नवीन संग्राहकांचा पहिला घात करते. वस्तू परत आत सरकवताना झडपेची चिकटपट्टी कार्डावर बसते आणि काढताना छपाईचा पापुद्रा घेऊन येते. पिशवी उघडली की आधी झडप मागे दुमडून तिथंच चिकटवून टाका, किंवा कात्रीनं कापा. मग वस्तू बाहेर काढा.

जून ते सप्टेंबर पुण्यात कपाटाच्या मागच्या भिंतीला ओल येते. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट या कामाला नको. कागदी फुरोकूंना कसर लागते, तिला खळ आवडते, आणि लेटरपॅडच्या पाठीला नेमकी तीच असते. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा डबा उघडून बघा. डांबर गोळ्या टाकू नका. त्यांच्या वाफेनं काही प्लास्टिकं मऊ पडतात आणि वास आयुष्यभर जात नाही. रबरबँड लावू नका, तो उन्हाळ्यात वितळून डाग पाडतो. माळ्यावर ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये स्लॅबखालची जागा भट्टी होते आणि शिताजिकी पापडासारखी वाकते.

फायली आडव्या थप्पीत ठेवल्या तर खालच्यांवर भार येतो आणि शाई शाईला चिकटते. डिस्प्ले फाइलमध्ये घालून उभ्या ठेवा. प्रत्येक फायलीच्या आत एक कोरा जाडसर ए-फोर कागद सरकवा, त्यानं ती ताठ राहते आणि चित्रही उठून दिसतं. तिच्यावर कागद ठेवून बॉलपेननं कधी लिहू नका, वळ उठतात. धूळ पुसायची तर चष्म्याचं मऊ फडकं आणि साधं पाणी. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी छपाईच निघते. जुन्या दुकानाचं किमतीचं लेबल असेल तर हेअर ड्रायर कमी उष्णतेवर लांबून फिरवा आणि लेबल अगदी सावकाश, कागदाला समांतर ओढा.

भिंतीवर लावायची हौस असेल तर वस्तू स्कॅन करा आणि प्रिंट लावा. खिडकीच्या उजेडात आधी लाल-गुलाबी फिके पडतात आणि पात्रांचे चेहरे आजारी दिसायला लागतात.

नोंद

फायलीच्या आत जो कोरा कागद सरकवलात, त्याच्या मागच्या बाजूला शिसपेन्सिलीनं चार ओळी लिहा: कुठली स्कीम किंवा सिनेमा, कुठल्या गावात, कुणी आणली, कधी मिळाली. कागद वस्तूसोबतच राहतो, त्यामुळे वही हरवली तरी वस्तू मुकी होत नाही. शिवाय मोबाइलमध्ये दोन्ही बाजूंचा फोटो. पावती मिळाली तर तीही, पण तिची शाई उडते म्हणून फोटो काढून ठेवा.

घरच्यांनाही संग्रह दाखवा, प्रत्येक वस्तू काय आहे ते सांगा. माझ्या दोन जुन्या कागदी फुरोकू दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेल्या. आईचा दोष नव्हता. घड्या उलगडलेला रंगीत पुठ्ठा होता तो, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आता डब्यावर मोठ्या मराठी अक्षरांत ‘संग्रह, रद्दी नाही’ असं लिहिलेलं आहे.

अदलाबदल

दुसरी प्रत आली की अदलाबदल सुरू करा. जपानी चाहते आपल्या याद्यांत ‘मोतोमु’, म्हणजे हवंय, आणि ‘युझुरू’, म्हणजे देतो, अशा दोन ओळी लिहितात. मराठीत ‘हवंय’ आणि ‘द्यायचंय’ तेवढंच चांगलं चालतं. अनोळखी माणसाला पहिल्यांदा भेटताना दिवसा, गजबजलेल्या कॅफेत भेटा, वस्तूवरचे ओरखडे आधीच फोटोत दाखवा, आणि फाइल साध्या पिशवीत न नेता दोन पुठ्ठ्यांत न्या. कॅफेच्या टेबलावर आधी ओलं आहे का ते हात फिरवून बघा.

एखादीच्या दोन-तीन प्रती उरल्या आणि कुणालाच नको असतील, तर एक वापरायला काढा. माझी लुफीची दुसरी फाइल मी गेल्या डिसेंबरात जेएलपीटीच्या हॉलतिकिटासाठी वापरली. केंद्राच्या दारात रांगेत उभी असताना मागच्या मुलानं विचारलं, ‘ही लॉसनची ना?’ त्याच्याकडे त्याच स्कीममधली, ‘वन पीस’च्याच नामी या पात्राची फाइल होती, दोन प्रती. परीक्षा संपल्यावर तिथंच फाटकाजवळ अदलाबदल झाली, आणि तिच्या आतल्या कागदावर मी तीच तारीख लिहिली आहे.